करून घेणारे सर

शेठच्या ऑफिसातली कोरी ताडपत्री मी इंग्रजीच्या एका वाक्यासाठी सरांच्या छपरावर घातली.

वाक्य पाच शब्दांचं होतं. "आय गॉट द रूफ कव्हर्ड." म्हणजे, मी छप्पर झाकून घेतलं. सरांनी टाळी वाजवली, "एक्सलंट" म्हणाले आणि मी पुढचे आठ दिवस महाडच्या बाजारपेठेतून छाती काढून फिरलो. त्यानंतर छाती परत जागेवर आली ती आजतागायत तिथेच आहे.

तेव्हा मी महाडला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे क्लार्क होतो. शेठ मूळचे तुडीलचे. तरुणपणी स्वतः ट्रक चालवलेले, पुढे चार गाड्यांचे मालक झालेले. मी बिल्ट्या फाडायचो, म्हणजे मालासोबत जी पावती जाते ती लिहायचो, आणि माळ्यावरचे दोर आणि ताडपत्र्या ड्रायव्हरांना काढून द्यायचो. एवढ्याशा कामाला इंग्रजी कशाला लागतं, असं तुम्ही विचाराल. नाहीच लागत. पण त्या वर्षी ओळखीतली निम्मी पोरं आखातात निघालेली आणि मलाही वाटायला लागलं, की आपण बिल्ट्या फाडायला जन्माला आलेलो नाही. कशाला आलो आहोत हे माहीत नव्हतं. म्हणून क्लास लावला.

क्लास एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत, टायरच्या दुकानावर. दोन खोल्या. पुढच्या खोलीत इंग्रजी, मागच्या खोलीत सरांचा संसार, मध्ये एक पडदा. दारावर पाटी होती, "तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी". मी तिथे दोन वर्षं काढली. फाडल्या त्या बिल्ट्याच.

सर उंच, वाळके, आणि पावसाळ्यातही टाय लावणारे. टाय मात्र त्यांना बांधता येत नसे. बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कधीतरी एकदा गाठ मारून दिलेली होती. ती गाठ सुटायची नाही, नुसती सैल व्हायची. रात्री टाय डोक्यावरून निघायचा आणि सकाळी डोक्यावरून गळ्यात यायचा, बैलाच्या गळ्यातल्या दाव्यासारखा. पायात स्लिपर.

सरांचं सगळं इंग्रजी एका शब्दात होतं. गेट. त्याच्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप लावायचं, की झालं. बाकीच्या काळांना ते विचारत नसत. "भूतकाळ, भविष्यकाळ हे शाळेतल्या मास्तरांचे पोट भरायचे धंदे," असं म्हणायचे. हे म्हणताना आपण स्वतः शाळेतून रिटायर झालेले मास्तर आहोत आणि पेन्शनवर पोट भरतोय, याची त्यांना आठवण नसायची.

"इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य केलं," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "स्वतः काय केलं? रस्ता खणला? पूल बांधला? काही नाही. करून घेतलं. 'आय डिड इट' म्हणतो तो हमाल. 'आय गॉट इट डन' म्हणतो तो साहेब. तुम्हाला काय व्हायचंय?"

आम्ही आठ जण एका सुरात ओरडलो, "साहेब!" त्या आठातले दोघं पुढे आखातात गाड्या धुवायला लागले, पाच जण महाडातच आहेत, आणि माझं सांगतोच आहे.

या गेटचे सरांनी दोन खिसे केले होते. पँटच्या उजव्या खिशावर थाप मारली, की करून घेतलेली कामं. आय गॉट माय हेअर कट. आय गॉट माय अंब्रेला रिपेअर्ड. डाव्या खिशावर थाप मारली, की आपोआप झालेली नुकसानं. द कप गॉट ब्रोकन. द की गॉट लॉस्ट. कोणी फोडला, कोणी हरवली, हे विचारायचं नाही. "नुकसानीत नाव घेणं असंस्कृतपणा असतो," सर म्हणायचे. त्यांच्या आयुष्याची वाटणीच तशी होती. जे बरं झालं ते त्यांनी करून घेतलेलं, जे वाईट झालं ते आपलं आपण झालेलं. उजवा खिसा त्यांचा, डावा देवाचा.

एकदा डाव्या खिशाचं उदाहरण म्हणून त्यांनी लग्न घेतलं.

"आय गॉट मॅरिड. बघा हं. इथे करणारा कोणी नाही. लग्न झालं. कोणी केलं? कोणीच नाही."

पडद्याआडून बाई म्हणाल्या, "माझ्या बापानं केलं. फसला."

सरांनी फळ्याकडे तोंड केलं आणि आम्हाला पुढचं उदाहरण दिलं.

बोलतील तसे वागतील असे गुरू भेटत नाहीत म्हणतात. मला भेटले. सर कुठल्याच कामाला हात लावत नसत. दार बंद असलं तर कडी वाजवायचे नाहीत, कोणी येऊन उघडेपर्यंत दारासमोर उभे राहायचे. खुर्ची ओढायचे नाहीत. फळा पुसायचे नाहीत. एसटी स्टँडवर त्यांनी केळेवाल्याकडून केळं सोलून घेतलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि केळेवाल्यानं निघताना त्यांच्या पाठीकडे जे पाहिलं तेही पाहिलंय.

आणि गृहपाठ! रोज प्रत्येकानं सरांचं एक काम दुसऱ्या कोणाकडून तरी करवून आणायचं आणि दुसऱ्या दिवशी ते इंग्रजीत सांगायचं. काम स्वतः केलं तर शून्य. हा नियम कडक. एकानं बिचाऱ्यानं सरांचं सिलिंडर स्वतःच्या खांद्यावरून जिन्यानं वर आणलं, तर सर म्हणाले, "तू हमालच राहणार." सिलिंडर मात्र ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं दळण आणायला आपल्या आईला पाठवलं आणि "आय गॉट द फ्लोअर ग्राउंड" म्हणाला. पीठ सोडून त्यानं जमीन दळली होती, पण सरांनी ती चूक पीठ हातात घेतल्यावर दुरुस्त केली. आता विचार करतो तेव्हा दिसतं, की आम्ही फी भरून त्यांच्या घरचं काम करत होतो. तेही स्वतः नाही, आईबापांकडून करवून घेत होतो. इतकी बिनडोक आठ डोकी एका खोलीत मी परत पाहिली नाहीत.

तुडीलचा अन्वर आमच्यातला हुशार. तो कुवेतला गेला आणि सरांनी त्याचा फोटो भिंतीवर लावला. लावून घेतला. वर्षभरानं सुट्टीवर आला तेव्हा खजुराचा पुडा घेऊन क्लासला भेटायला आला. सर म्हणाले, "कसं काय? गेटचा उपयोग झाला ना?"

"झाला ना सर," अन्वर म्हणाला. "तिथला साहेब दिवसभर 'गेट इट डन, गेट इट डन' करतो. मला लगेच समजतं. बाकीच्यांना समजत नाय, ते बसून राहतात. मंग सगळा मलाच करावा लागतो."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. खजूर खात होते.

आता छप्पर. टायरवाल्याच्या दुकानावरचे पत्रे गंजलेले. जुलैत ते गळायला लागले, आणि सर छत्री उघडून शिकवायला लागले. छत्री अर्थात दुसऱ्याच्या हातात. एक दिवस त्यांनी वर बघितलं, मग एकेकाकडे बघितलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मी घातली नाही. ऑफिसच्या माळ्यावर कालच आलेली नवी ताडपत्री होती. हिरवी, जाड, कडेनं पितळी कड्या, मधोमध पांढऱ्या रंगात शेठच्या ट्रान्सपोर्टचं हातभर अक्षरांत नाव. मी दोन हमालांना म्हणालो, "शेठनं सांगितलंय." त्यांनी ती नेली, पत्र्यावर पसरली, दोर आवळले. मी खाली उभं राहून बोट दाखवत होतो. साहेब झाल्यासारखं वाटलं. एक्सलंट कसं मिळालं ते वर सांगितलंच आहे.

नवव्या दिवशी खेडच्या एका बांधकामाला सिमेंटची गाडी जायची होती. ड्रायव्हर धाकूदादा. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला माणूस, शेठकडे चौदा वर्षं, आणि त्या चौदा वर्षांत मालाला ओरखडा नाही. तो माळ्याखाली येऊन उभा राहिला.

"भाऊ, नवी ताडपत्री टाक खाली."

"जुनी घे की."

"जुनीला भोक हाय. एवढा."

त्यानं डोकं जाईल एवढं भोक हातानं दाखवलं. मी म्हणालो, "दीड तासाचा तर रस्ता. तेवढ्यात काय भिजतंय?" हे मी सिमेंटबद्दल, जुलै महिन्यात, कशेडी घाटाबद्दल बोललो. जन्म इथलाच असूनही. धाकूदादा जुनी खांद्यावर टाकून गेला.

तेव्हा बोगदा सुरू झालेला नव्हता, सगळी वाहतूक घाटातून. सकाळी दहाला घाटात दरड आली आणि धाकूदादाची गाडी मधोमध अडकली. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. पाऊस असा, की समोरची गाडी दिसेना. त्यानं आपला रेनकोट काढून भोकावर घातला, त्यावर केबिनमधली सतरंजी घातली, आणि स्वतः गोण्यांवर चढून सतरंजीवर बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता मोकळा झाला. तोवर वरचे तीन थर दगड झाले होते. धाकूदादाला ताप.

सिमेंटवाल्या कंपनीकडून शेठला निरोप आला, काय झालं ते इंग्रजीत लेखी कळवा. शेठ मला म्हणाले, "तू क्लासला जातोस ना? लिही."

मी तडक सरांकडे गेलो. सगळं खरं सांगितलं, ताडपत्रीसकट. ती डोक्यावरच होती, पाऊस तिच्यावर वाजत होता. सरांनी जराही वेळ न घेता डाव्या खिशावर थाप मारली आणि सांगायला सुरुवात केली. द रोड गॉट ब्लॉक्ड. द ट्रक गॉट स्टक. द टारपॉलिन गॉट टॉर्न. द सिमेंट गॉट वेट. चार ओळी. मी लिहिता लिहिता निवत गेलो. इतकं मोठं नुकसान, आणि जगात कोणी काही केलेलंच नाही! मला वाटलं, हीच ती भाषा. हिच्यासाठीच आपण दोन वर्षं पीठ आणून दिलं.

पत्र गेलं. त्याची नक्कल शेठनी आपल्या सुनेकडून वाचून घेतली. ती मुंबईत शिकलेली, तिनं सरळ मराठीत सांगितलं. शेठनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "ताडपत्री फाटली? बांधली कोणी होती?" ताडपत्री बांधतो तो ड्रायव्हर, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. मी बिल्टीबुकात काहीतरी शोधत होतो.

शेठनी धाकूदादाकडून चावी काढून घेतली. घरी बस म्हणाले. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात चावी जाते तेव्हा नुसती चावी जात नाही. माल भिजवणारा ड्रायव्हर, असं एकदा नाव पडलं की महाडपासून पोलादपूरपर्यंत कोणी त्याला गाडीवर बसवत नाही. धाकूदादाची मुलगी कॉलेजात, म्हातारा बाप अंथरुणाला, आणि वाडीतलं भात जेमतेम दिवाळीपर्यंत पुरणारं. हे सगळं मला माहीत होतं. मी त्याच्याकडे जेवलेला माणूस.

दोन दिवसांनी तो ऑफिसात आला, केबिनमधली आपली पिशवी घ्यायला. शेठ नव्हते. माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"तो कागद वाच."

"इंग्रजीत आहे, धाकूदादा."

"मंग मराठीत सांग. तुला येतो ना?"

मी सांगितलं. रस्ता बंद झाला. गाडी अडकली. ताडपत्री फाटली. सिमेंट भिजलं. वाचताना माझाच आवाज मला पावसात लांबून येत असल्यासारखा वाटत होता. त्यानं ऐकून घेतलं.

"यात माझा नाव नाय."

"नाही," मी घाईनं म्हणालो. "तुझं नाव मी कुठेही घातलेलं नाही. मुद्दामच."

"आनि तुझा?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो.

"डेपोतून एसटी वर चढते ना, तिथून त्या मास्तराचा छप्पर दिसतो," धाकूदादा म्हणाला. "शेठचा नाव लिवलेला हाय त्याच्यावर. उलटा हाय, पन वाचता येतो. तेवढा मलापन येतो."

पिशवी उचलून तो गेला. शेठना सांगेन, असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

मी सरांकडे गेलो. म्हटलं, ताडपत्री काढावी लागेल, पत्र बदलावं लागेल, एका माणसाची रोजी गेलीय. सर बशीतून चहा पीत होते. बशी स्वतः धरली होती हे कबूल करायला हवं.

"ही गॉट डिसमिस्ड," ते विचार करून म्हणाले. "बघ, किती सोपं होतं समजायला."

"सर, माझ्यामुळे गेली."

"माझ्यामुळे! हे मराठी माणसाचं दुखणं आहे. आणि ताडपत्री काढली तर आय विल गेट वेट, त्याचं काय? शेठला सांग, गेट अनदर वन अरेंज्ड."

मी दोन वर्षं ज्याच्या पायाशी बसलो तो माणूस कसा आहे, हे समजायला मला एवढा वेळ लागला. केळेवाल्याला एका मिनिटात समजलं होतं.

खाली उतरलो आणि शेठच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते.

"शेठ, ती नवी ताडपत्री," मी सुरुवात केली, "ती सरांच्या छपरावर गेली."

"चालत गेली?"

"नेली गेली."

"कोणी नेली?"

"हमालांनी."

"हमालांना कोणी सांगितलं?"

"त्यांना असं सांगण्यात आलं, की शेठनं सांगितलंय."

 ट्रकच्या स्टिअरिंगनं घट्टे पडलेले हात शेठनी मांडीवर ठेवले होते. समोरच्या पागोळीतून पाणी गळत होतं. 

"मी सांगितलं," मी म्हणालो. "धाकूदादानं नवी मागितली होती. मी जुनी दिली. भोक त्यानं दाखवलं होतं."

"एवढंच होतं?" शेठ म्हणाले. "एवढं बोलायला केवढा घाट चढलास!"

त्यांनी मला तिथेच कागद दिला आणि कंपनीला दुसरं पत्र लिहायला लावलं, सरांशिवाय. मी लिहिलं, आय गिव्ह न्यू ताडपत्री टू माय सर. ड्रायव्हर आस्क. आय गिव्ह ओल्ड. ड्रायव्हर इज नो फॉल्ट. ऑल फॉल्ट मी. खाली सही. त्या संध्याकाळीच धाकूदादाला निरोप गेला, चावी न्यायला ये.

ताडपत्री मला एकट्याला काढायला लावली. भर पावसात, पत्र्यावर ओणवा होऊन. सर खाली छत्रीत उभे होते, छत्री एका नव्या विद्यार्थ्यानं धरलेली. "केअरफुल!" ते ओरडले. "इट विल गेट टॉर्न!" हमालांनी मारलेल्या गाठी मला सुटेनात. तासभर लागला. उतरलो तेव्हा सरांनी माझ्या दुसऱ्या पत्राची नक्कल मागितली. मला वाटलं, काही बोलतील. त्यांनी लाल पेनानं चुका काढल्या. अकरा. एवढं एक काम मात्र ते स्वतःच्या हातानं करायचे.

त्यांच्या दारासमोर गटार आहे. भिजून दगड झालेली सिमेंटची एक गोणी त्यांनी दोन विद्यार्थ्यांकडून आणवून तिथे टाकून घेतली. गोणीचाच आकार, शिवणीचे टाकेसुद्धा दिसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचे, "आय गॉट अ स्टेप मेड." पुढे मुलगा येऊन त्यांना पनवेलला घेऊन गेला. सामान आम्हीच बांधलं, मी पण गेलो होतो, माझी खोड काही जात नाही. बाई मात्र गेल्या वर्षी महाडला लग्नाला आलेल्या भेटल्या. "कसे आहेत सर?" विचारलं तर म्हणाल्या, "लिफ्टमध्ये उभे असतात. कोणीतरी बटण दाबेपर्यंत." गोणी अजून तिथेच आहे. क्लासच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय, पण पायरी म्हणून ती चालते.

शेठनी मला काढलं नाही. क्लार्कच्या खुर्चीवर सुनेला बसवलं आणि मला तो पावसाळा धाकूदादाच्या गाडीवर क्लीनर केलं. काम एकच. ताडपत्री घालायची, बांधायची, दर थांब्यावर उतरून बघायची.

पहिल्याच फेरीला पोलादपूरच्या पुढे, चहाच्या टपरीपाशी गाडी थांबली. धाकूदादा सबंध रस्ताभर माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मी खाली उतरलो, चहूबाजूंनी दोर ताणले, गाठी मारल्या आणि हात झटकून म्हणालो, "झालं, धाकूदादा. सगळ्या गाठी नीट बसल्यात."

धाकूदादानं चहाचा ग्लास खाली ठेवला, गाडीला एक फेरी घातली आणि मागच्या कडीतली माझी गाठ दोन बोटांनी धरून ओढली. ती सुटून त्याच्या हातात आली.

"सोड सगळ्या," तो म्हणाला. "आनि परत मार. या टायमाला हातानं मार. तोंडानं मारलेली गाठ घाटात टिकत नाय."